सहा काठ्या जागा

16 नोव्हेंबर 1532 च्या संध्याकाळी पेरूतल्या काहामार्काच्या चौकात इंका सम्राट अताहुआल्पा पकडला गेला, हे जगाला ठाऊक आहे. त्याच्या सुटकेसाठी सोन्याचांदीचे ढीग आले, ते वितळवून वाटून घेतले आणि तरीही त्याला मारून टाकलं, हेही ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी चौकात मोहिमेचा म्होरक्या पिझारो याच्यासकट 168 स्पॅनिश माणसं होती. 62 घोडेस्वार आणि 106 पायदळातली. ही बाकीची माणसं कोण होती? कुठल्या गावची? त्यांचे आईबाप काय करत? त्यांना सही करता येत होती का? आपला वाटा घेऊन ती पुढे गेली कुठे? जेम्स लॉकहार्ट या अमेरिकी इतिहासकाराने हे प्रश्न त्यांतल्या एकेका माणसापाशी थांबून विचारले. 1972 साली त्याचं 'द मेन ऑफ काहामार्का' हे पुस्तक आलं. त्यात मोहिमेची हकीकत थोडी आणि माणसांची चरित्रं जास्त आहेत. काही चरित्रं पानंच्या पानं चालतात, काही चार ओळींत संपतात, कारण त्या माणसाबद्दल कागद तेवढंच सांगतो.

वाचताना कळतं की नेमलेल्या फौजेतले शिपाई म्हणावेत असे त्यांत फारसे नव्हतेच. शिंपी होते, नालबंद होते, न्हावी होता, हिशेब लिहिणारे कारकून होते, व्यापारात हात पोळलेले होते. हुआन गार्सिया नावाचा एक काळा माणूस होता, तो दवंडी द्यायचा आणि वाद्य वाजवायचा. घोडेस्वाराच्या पूर्ण वाट्याला साधारण 8,880 पेसो सोनं आणि 362 मार्क चांदी आली, पायदळातल्याला त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. दवंडीवाल्यालाही त्याचा वाटा मिळाला.

त्यांतला एक गास्पार. बास्क मुलखातल्या मेन्दारो गावचा तरुण. जुलै 1533 मध्ये, म्हणजे सोनं वाटून झाल्यावर, त्याने काहामार्काहून वडिलांना पत्र लिहिलं. वडिलांनी पूर्वी कधीतरी पैसे मागितले होते आणि तेव्हा याच्याजवळ काही नव्हतं. ती रुखरुख पत्रभर आहे. आता तो सोन्याची एक कांब पाठवतो आहे, 213 पेसोंची, सान सेबास्तियानच्या एका भल्या माणसाबरोबर. आणखी पाठवलं असतं, पण त्या माणसाकडे इतरांचंही ओझं आहे, त्याला याहून जास्त नेणं जमणार नाही, असंही तो लिहितो. भावंडांना, नातलगांना निरोप आहेत. आईच्या आत्म्यासाठी काही करा म्हणून विनवणी आहे. चारच महिन्यांनी कुस्कोच्या वाटेवर विल्काकोंगाच्या चढणीवर तो मारला गेला.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या आणि त्या अजून तशाच आहेत. एक म्हणजे हा मुलगा मला कळतो. घरून पैशाचं पत्र यावं आणि खिशात काही नसावं, हे कोकणातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या किती मुलांनी सोसलं असेल! दुसरी गोष्ट अशी की ती कांब लुटीची आहे. देवळांच्या भिंतींवरचे पत्रे उचकटून, भांडी आणि मूर्ती वितळवून ती झाली आहे. लॉकहार्ट यांपैकी एकही गोष्ट आपल्या हातून काढून घेत नाही. तो गास्पारची वकिली करत नाही आणि त्याच्यावर खटलाही भरत नाही. तो त्याला वडिलांसमोर उभा करतो आणि बाजूला होतो. इतिहास लिहिणाऱ्याला हे बाजूला होणं फार कठीण असतं.

लॉकहार्टचा जन्म 1933 चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनचा. तरुणपणी तो लष्करात होता आणि त्याची नेमणूक जर्मनीत झाली. काम हेरखात्यातलं, पण अगदी खालच्या पायरीवरचं. पूर्व जर्मनीतून येणारी पत्रं भाषांतरित करायची. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. अनोळखी माणसांची घरगुती पत्रं वाचत बसणं, त्यांतल्या आजारपणांतून, उधारीतून आणि रुसव्याफुगव्यांतून एक समाज उलगडत जाणं, हेच पुढे त्याचं आयुष्यभराचं काम झालं. ते त्याला बराकीतच सापडलं असावं असं मला वाटत राहतं. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने संशोधन केलं आणि 1968 साली त्या प्रबंधातून 'स्पॅनिश पेरू' हा ग्रंथ झाला. 1532 ते 1560 अशी अठ्ठावीस वर्षं त्याने निवडली होती.

ही वर्षं म्हणजे नुसती धामधूम. पिझारो आणि अल्माग्रो या दोन भागीदारांची आपसांत कत्तल, पिझारोचा खून, मग त्याच्या भावाचं राजाविरुद्ध बंड. आधीच्या इतिहासकारांनी ही बंडं आणि लढाया रंगवून लिहिल्या होत्या. लॉकहार्टने त्या जवळजवळ बाजूला ठेवल्या. त्याने लीमा आणि आरेकिपातल्या नोटरींची दफ्तरं उघडली, सेव्हिलच्या इंडीज दफ्तरखान्यात बसला, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या हार्कनेस संग्रहातले कागद पाहिले. स्पॅनिश समाजात नोटरीवाचून पान हलत नसे. खरेदीखत, मुखत्यारपत्र, कर्जरोखा, भागीदारीचा करार, पोराला लोहाराकडे उमेदवारीला ठेवल्याचा कागद, हुंड्याची यादी, मृत्युपत्र, सगळं त्याच्यापुढे व्हायचं. एका बाजूला बंडखोरांची फौज गावात शिरते आहे आणि त्याच आठवड्यात कोणीतरी नोटरीकडे जाऊन एक खेचर विकतो, कोणी मुलीचा हुंडा लिहून देतो. लॉकहार्टने ते खेचर आणि तो हुंडा धरला.

त्यातून जो पेरू दिसला तो कोणालाच अपेक्षित नव्हता. गावंच्या गावं ज्यांच्या नावे लावून दिलेली होती असे एन्कोमेन्देरो पाचशेच्या आसपास. पण त्यांच्याभोवती वकील, वैद्य, पाद्री, व्यापारी, सुतार, खलाशी, परदेशी, स्पॅनिश बायका, काळे गुलाम आणि काळे मोकळे कारागीर असा स्पेनमधला अख्खा समाज पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतच तिथे येऊन बसला होता. स्त्रिया मागाहून आल्या, हा समज खोटा ठरला. आफ्रिकी माणसं पहिल्या दिवसापासून होती आणि फार मोठ्या संख्येने होती, हे ठळक झालं. पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे, एकेका थराला एकेक प्रकरण. शेवटचं प्रकरण इंडियनांचं.

त्या शेवटच्या प्रकरणापाशी मी नेहमी थांबते. ते लहान आहे. त्यातली माणसं स्पॅनिश कागदात जेवढी शिरली तेवढीच दिसतात. कोणाची मोलकरीण, कोणाची रखेल, कोणाचा हमाल, कोणाच्या मृत्युपत्रात चार पेसो ठेवलेली दाई. ती बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल बोललं जातं. लॉकहार्टला हे दिसलं होतं आणि टोचलं होतं, असं त्याची पुढची वाट पाहिली की वाटतं. पेरूत त्याला इलाज नव्हता, कारण क्वेचुआ भाषेत लिहिलेले असे रोजचे कागद फारच थोडे उरले आहेत. मेक्सिकोत मात्र ते ढिगाने होते, तिथल्या नाहुआ लोकांच्या नाहुआट्ल भाषेत. तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर, दोन ग्रंथांनी नाव झालेलं असताना आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नुकती प्राध्यापकी मिळालेली असताना, हा माणूस पेरू सोडून मेक्सिकोकडे वळला आणि एका नव्या भाषेची धुळाक्षरं गिरवू लागला.

मी याला धाडस म्हणते. विद्यापीठातल्या माणसाला आपलं क्षेत्र म्हणजे वतन असतं. त्यावर त्याची पाटीलकी चालते. ते सोडून परक्या गावी उपरा म्हणून जाणं, तिथल्या जाणत्यांपुढे अडखळत वाचणं, हे फार थोडे करतात. त्याला सोबतीही चांगले मिळाले. भाषाशास्त्रज्ञ फ्रान्सिस कार्टुनेन, साहागून या सोळाव्या शतकातल्या मिशनऱ्याच्या प्रचंड ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरात हयात घालवलेले आर्थर अँडरसन, मानववंशशास्त्राच्या अभ्यासक फ्रान्सिस बेर्डान. 1976 या एका वर्षात त्याची आणि त्याच्या सोबत्यांची इतकी पुस्तकं निघाली की आधीच्या चार वर्षांत ही मंडळी काय करत होती ते कळतं.

इथे थोडं माझं सांगते. मी मोडी वाचते. लोक माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद घेऊन येतात, बहुतेक वेळा जमिनीचा वाद असतो म्हणून. ज्याला जे हवं ते कागदात असतंच असं नाही, पण काहीतरी असतंच. एका वाटणीपत्रात दोन भावांनी घर, गोठा, भांडी सगळं वाटून घेतलं होतं. परसातला फणस मात्र तोडता येईना, म्हणून एक साल थोरल्याने आणि एक साल धाकट्याने फळं घ्यावी असं लिहिलं होतं. ज्यांचा कागद होता त्यांना त्यात रस नव्हता, त्यांना सर्व्हे नंबर हवा होता. मला मात्र त्या फणसाने दिवसभर सोडलं नाही. लॉकहार्टची पुस्तकं माझ्या हातात आली ती अशाच दिवसांत, आणि वाटलं की या माणसाला हा फणस कळला असता. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश कारकुनांची एक साखळीसारखी सलग लिपी असते, हात न उचलता लिहिलेली. कादंबरीतला डॉन किहोतेसुद्धा आपल्या चाकराला, सांचोला, बजावतो की माझं पत्र त्या कचेरीतल्या अक्षरात उतरवून घेऊ नकोस, ते सैतानालाही लागायचं नाही. मोडीची घसीट ज्याने वाचली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

लॉकहार्टने 1972 च्या एका दीर्घ लेखात म्हटलं आहे की इतिहासकार आधी सोपी साधनं संपवतात. प्रथम बखरी, कारण त्या आयत्या रचलेल्या गोष्टी असतात. मग सरकारी पत्रव्यवहार, मग संस्थांचे आणि न्यायालयांचे दफ्तर, आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजाने, नोटरीचे विस्कळित कागद. साधन जितकं कच्चं तितकं माणूस जवळ. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. बखरीवर विसंबू नका, अस्सल पत्रं गोळा करा, म्हणून इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाडे आणि मठ धुंडाळत फिरले. लॉकहार्टच्या त्या लेखानंतरचं सगळं आयुष्य म्हणजे आणखी एक पायरी खाली उतरणं आहे. त्या पायरीवर जिंकलेल्यांच्या स्वतःच्या भाषेतले कागद होते.

ते कागद आले कुठून? फ्रान्सिस्कन साधूंनी नाहुआ मुलांना रोमन लिपी शिकवली ती धर्मासाठी. पण लिहिणं हाती आल्यावर ते धर्मापुरतं राहतं थोडंच! काही दशकांत गावोगाव नाहुआ कारकून झाले. गावसभांची इतिवृत्तं, जमिनीची खतं, मृत्युपत्रं, तक्रारअर्ज ते आपल्या भाषेत लिहू लागले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लिहीत राहिले. त्यांतल्या एका कागदाने मला वेड लावलं.

टेस्कोकोजवळचं सान मिगेल तोकुइल्लान हे गाव, साल 1583. अ‍ॅना नावाची बाई नवऱ्याला आणि एकुलत्या एक लहानग्या हुआनला घेऊन थोरल्या भावाच्या दारी येते. भाऊ गावसभेचा सभासद आहे. थोडे दिवस तुझ्या छपराखाली राहू दे, म्हणते. आम्ही फार माणसं नाही, तिघंच आहोत. भाऊ म्हणतो, बरं, सामान घेऊन या. ती आपणहून सांगते की आम्ही कधी प्यायलो तरी तुझ्या अंगणात गैर वागणार नाही आणि तुझ्या मेव्हण्याने पायरी सोडलीच तर तुझ्या हाती राजाचा दंड आहे, योग्य ते कर. काही दिवस जातात. मग ती पुन्हा विषय काढते. किती दिवस तुला त्रास द्यायचा? आपल्या बाप सान मिगेलच्या जमिनीतला एक तुकडा मिळाला तर आम्ही घर बांधू. भाऊ गावच्या वडीलधाऱ्यांना बोलावणं धाडायला निघतो आणि जाताना बहिणीला सांगतो, भाकऱ्या टाक. घायपातीच्या रसाची पुल्के घरात आहेच.

ते येतात, खातात-पितात. ती म्हणते, अगदी क्षुल्लक कामासाठी तुम्हाला बोलावलं. मग सगळे उठून जागा बघायला जातात. कुठे हवी, इथे की तिथे? तिथे. मोजणार कोण? दुसरं कोण, आपला गावातला मोठा हुआनच मोजेल. त्याच्या हातात गुरं हाकायची पराणी देतात आणि चारही बाजूंनी सहा-सहा काठ्या मोजायला सांगतात. एवढी जागा तुला दिली, म्हणतात. लगेच पाया घालायला घे, दगडाची काळजी करू नकोस. ती त्यांना आणखी थोडी पुल्के घ्यायचा आग्रह करते, ते पुरे म्हणतात. आणि मग कागदात लिहिलं आहे की अ‍ॅना रडली आणि तिचा नवराही रडला. सान मिगेलपुढे मेणबत्ती लावीन, धूप घालीन, ती म्हणते, कारण त्याच्या जमिनीवर माझं घर होतं आहे.

हे जमिनीचं खत आहे! चतुःसीमा, मोजमाप, देणारे, घेणारी, सगळं त्यात आहे, पण मसुदा असा की आपण अंगणात एका कडेला उभे आहोत. लॉकहार्टने 1980 साली हा कागद छापला आणि पुढे आपल्या निबंधसंग्रहातही घेतला. मला त्यात काय काय दिसतं ते सांगू? जमीन राजाची नाही, सरकारची नाही, ग्रामदेवतेची आहे, आणि ती ग्रामदेवता आता ख्रिस्ती संत आहे. पराणी बैलांमागून आली आणि बैल स्पेनहून आले, म्हणजे विजेत्याची वस्तू पाऊणशे वर्षांच्या आत हाताशी पडलेली घरगुती काठी झाली. नावं सगळी स्पॅनिश. भाऊ हातात राजाचा दंड धरतो. पण बोलणं कसं? आर्जव करून करून विचारणं, आपली मागणी क्षुल्लक म्हणणं, खाऊ घातल्यावाचून विषय न काढणं, चार जाणत्यांच्या डोळ्यांदेखत चालत जाऊन हद्द ठरवणं. ही जुनी नाहुआ रीत आहे आणि ती स्पॅनिश कपड्यांत सुखरूप नांदते आहे. काहामार्काहून निघालेल्या इतिहासकाराला या अंगणात पोचायला आयुष्यातली पुष्कळ वर्षं लागली.

1992 साली 'द नाहुआज आफ्टर द काँक्वेस्ट' हा त्याचा मोठा ग्रंथ आला, त्यात असे शेकडो कागद एकत्र बोलतात. जुन्या मेक्सिकोत गावराज्याला आल्तेपेट्ल म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्यावर आपली नगरसभा बसवली आणि त्यांना वाटलं, आपली संस्था रुजली. नाहुआंना वाटलं, आपलीच जुनी संस्था, नाव नवं. त्लाश्कालात चार जुनी राज्यं होती. नव्या गव्हर्नरचं पद या चौघांत आळीपाळीने फिरू लागलं आणि स्पॅनिश कायद्याच्या दृष्टीने सगळं रीतसर राहिलं. दोन्ही बाजूंची ही परस्परांबद्दलची चूक लॉकहार्टच्या मते इतकी सोयीची होती की तिच्यावरच वसाहतीचा गाडा चालला. मला हे पटतं, आणि पटताना थोडं भयही वाटतं. एकमेकांना न समजताच शतकं काढता येतात, हे त्याने कागदांनिशी दाखवलं.

त्याच त्लाश्कालाच्या गावसभेची 1547 ते 1567 ची इतिवृत्तं त्याने आणि सोबत्यांनी छापली. 1553 च्या मार्चमध्ये सभेत किरमिजी रंगाच्या किड्यांवर चर्चा झाली. हे किडे निवडुंगावर पोसतात, वाळवून त्यांचा रंग करतात आणि स्पॅनिश व्यापारी तो मागेल त्या भावाने घेत होते. सरदारांची तक्रार अशी की साधी माणसं यामुळे माजली. शेत टाकून निवडुंग लावतात, रविवारी देवळात यायचं सोडून किडे वेचतात, कापसाच्या अंथरुणावर झोपतात, बायका मोठमोठे घागरे घालतात, आणि पैसा, कोको नि कपडे घरात आले म्हणून कोणाला जुमानत नाहीत. मी हे वाचते तेव्हा तक्रार करणाऱ्यांपेक्षा ज्यांची तक्रार झाली त्या बायका मला जास्त दिसतात. स्पॅनिश विजयाला तीस-बत्तीस वर्षं झाली आहेत. त्यांच्या हाती स्वतःचा पैसा आला आहे. कोणत्याही बखरीत त्यांना जागा मिळाली नसती. सरदारांच्या रागाने त्यांना कागदावर आणलं.

आता ज्या गोष्टीने लॉकहार्ट मला अगदी घरचा वाटला ती. त्याने आणि कार्टुनेनने नाहुआट्ल कागदांतले स्पॅनिश शब्द काळाच्या क्रमाने वेचले. विजयानंतरच्या पहिल्या पिढीत उसने शब्द जवळजवळ नाहीतच. घोड्यालासुद्धा हरीण म्हणून भागवलं. 1540-50 च्या सुमारास नामं येऊ लागली, ढिगाने, आणि शंभरएक वर्षं फक्त नामंच. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर क्रियापदं आली, बारीकसारीक अव्ययं आली, उच्चार बदलले. म्हणजे आता माणसं घरात-बाजारात दोन्ही भाषा बोलत होती. मजुरीच्या पद्धती, जमिनीची मालकी, गावाची फाटाफूट, सगळं याच तीन टप्प्यांत बदलत गेलेलं त्याला दिसलं. आपल्याकडे राजवाड्यांनी हेच केलं होतं, त्याच्या पुष्कळ आधी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पत्र, शिवकाळातलं पत्र, पेशवाईतलं पत्र असे नमुने समोर ठेवून त्यांनी फार्सी शब्द मोजले आणि प्रमाण उतरत गेल्याचं दाखवलं. तिकडे शब्द चढत गेले, इकडे उतरले, कारण इकडे मधे स्वराज्य आलं आणि राज्यव्यवहारकोश झाला. राजवाडे मोजताना अभिमानाने पेटून उठतात. लॉकहार्ट शांतपणे मोजतो. मला दोघांचंही मोजणं प्रिय आहे. कोणीतरी एकाने हे दोन हिशेब शेजारी ठेवून नीट लिहावं अशी माझी फार इच्छा आहे.

तरीही एक गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. लॉकहार्टच्या पानांवर ऊन फार आहे. कागद शांत असतो, म्हणून त्यातलं जगही शांत भासतं. 1545 मध्ये आणि पुन्हा 1576 मध्ये मेक्सिकोत अशा साथी आल्या की गावं ओस पडली. कुल्वाकान गावची 1580 च्या आसपासची मृत्युपत्रं त्याची विद्यार्थिनी साराह क्लाइन हिने मिगेल लेओन-पोर्तिया यांच्याबरोबर छापली आहेत. एकामागून एक माणूस आपलं घर, पाण्यातली वाफ्यांची शेती, होडी कोणाला तरी लिहून देतो आहे. ज्याला द्यायचं तोही कधी कधी पुढच्या कागदात मरणाच्या दारी असतो. लॉकहार्टला हे ठाऊक होतं. पण गावराज्य कसं टिकलं हे सांगण्याच्या ओढीत, ते टिकवायला माणसं किती थोडी उरली, हे त्याने हलक्या हाताने लिहिलं. तिकडे पेरूकडच्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीत जो गेला तो नोटरीकडे कधी पोचलाच नाही. कागदावर प्रेम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा इशारा आहे आणि मी तो स्वतःला रोज देते.

1994 मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. काम सोडलं नाही. 2001 साली जुनं नाहुआट्ल वाचायला शिकवणारं पाठ्यपुस्तक लिहिलं. 2006 मध्ये सुसान श्रोडर आणि डोरिस नामाला यांच्याबरोबर चिमाल्पाइनच्या नोंदी इंग्रजीत आणल्या. हा चिमाल्पाइन 1579 सालचा, आमेकामेकाचा नाहुआ माणूस. मेक्सिको शहरात एका लहानशा देवळाची व्यवस्था पाहत तो आपल्या भाषेत भोवतालचं टिपत होता. 1611 च्या सूर्यग्रहणात लोक कसे घाबरले ते, रस्त्यावरून जाणारे जपानी कसे दिसत ते. 1597 मध्ये नागासाकीला फ्रान्सिस्कन साधूंना क्रुसावर चढवून मारल्याची वार्ता मनिलाच्या जहाजांवरून मेक्सिकोत आली, तीही त्याच्या नोंदींत आहे. त्या साधूंत गोन्सालो गार्सिया होता, आमच्या वसईत जन्मलेला, आई इथली, बाप पोर्तुगीज. वसईचा मुलगा जपानात मरतो आणि त्या मरणाची वार्ता एक नाहुआ माणूस आपल्या भाषेत लिहून ठेवतो! वसईच्या देवळात गोन्सालोच्या नावाने जमणाऱ्या माणसांना हे कोणीतरी सांगायला हवं.

लॉकहार्ट 17 जानेवारी 2014 रोजी गेला. मागे त्याने विद्यार्थ्यांची मोठी फळी ठेवली. केव्हिन तेरासियानो मिश्तेक भाषेतल्या कागदांकडे गेले, मॅथ्यू रेस्टॉल युकातानच्या माया कागदांकडे. गुरूचं वतन त्यांनी नुसतं राखलं नाही, नव्या मुलखात नेलं. पण मला सगळ्यात मोठा वारसा वेगळाच वाटतो. मेक्सिकोत आजही पंधरा लाखांहून जास्त माणसं नाहुआट्ल बोलतात आणि त्यांतल्या बहुतेकांना शाळेत कधी सांगितलं गेलं नाही की आपल्या भाषेत मृत्युपत्रं, सभांची इतिवृत्तं, रोजनिशा लिहिल्या जात होत्या. साकातेकासच्या एका संस्थेत नाहुआट्ल मातृभाषा असलेले तरुण गेल्या वीसेक वर्षांत हे कागद वाचायला शिकले. जिथे परदेशी पंडित अडतात तिथे घरात ऐकलेला एखादा शब्द त्यांना वाट दाखवतो. तीच भाषा घेऊन ते आता शिकवतात, कोश रचतात आणि पंडितांच्या वाचनातल्या चुका दुरुस्त करतात.